सळईच्या टोकाला बेडूक

पाहुण्यारावळ्यांत कुणी विचारलं, "तुम्ही कंपनीत नेमकं काय करत होता?" की माझी बायको मला तोंड उघडू देत नाही. "हे मशिनीला कान लावून बसायचे," एवढं सांगून ती मोकळी होते. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस झोपा काढायचा आणि पगार घ्यायचा. पण तिचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी मेंटेनन्स फिटर होतो आणि माझी सगळी उमर मशिनींचं ऐकून घेण्यात गेली. यंदा निवृत्त झालो. आता बायकोचं ऐकतो.

माझं काम सोप्या शब्दांत सांगतो. जे जे फिरतं, त्याच्या आत बेअरिंग असतं. दोन पोलादी कड्या आणि त्यांच्यामध्ये गोळ्या, बस. बेअरिंग बिघडायला लागलं की आधी बोलतं, मग तापतं आणि शेवटी मोडतं. बोलत असताना ओळखलं तर जेवणाच्या सुट्टीत बदलून होतं. मोडल्यावर कळलं तर लाइन बंद पडते आणि साहेब लोक घिरट्या घालायला लागतात. म्हणून माझ्याजवळ कायम एक लांब पोलादी सळई असायची, एका टोकाला लाकडी मूठ बसवलेली. सळईचं टोक मशिनीवर टेकवायचं, मूठ कानापुढच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. चांगलं बेअरिंग एका सुरात घुमतं. ग्रीस संपलं की खरखरतं. आणि गोळीला बारीकसा खड्डा पडला असेल तर ठरलेल्या अंतरानं टिकटिक येते. टिकटिक ही माझी खासियत होती. "आप्पा उभा राहिला की टिकटिक सापडली," असं कारखान्यात बोललं जायचं, आणि हे मी इथं लिहितो आहे यावरून मला त्याचा किती अभिमान होता ते कळेलच.

सुट्टीच्या दिवशी बाहेरचीही बोलावणी यायची. एकदा दौंड तालुक्यात केडगावच्या बाजूला एका गुऱ्हाळावर गेलो. उसाचा चरक आवाज करत होता. सळई लावली, गियरचा एक दात झिजलेला निघाला. गुऱ्हाळाचे मालक, ऐंशीच्या घरातले एक आबा, हे सगळं टक लावून बघत होते. काम आटोपल्यावर त्यांनी धोतर वर सरकवलं आणि पाय पुढं केला.

"ह्या गुडघ्याला लावा जरा. उठताना आतनं वाजतंय काय तरी."

मी गंभीर चेहरा करून सळई लावली. "आबा, ग्रीस संपलंय."

"मंग घाला की!"

पुढच्या हंगामात त्याच गुऱ्हाळावर गेलो तर ओट्यावर चार म्हाताऱ्या गुडघे धरून बसलेल्या. आबांनी गावभर सांगितलं होतं. त्या दिवशी चरक राहिला बाजूला, मी गुडघेच ऐकत बसलो. जाताना काकवीची बरणी मिळाली. इतका मान मला कारखान्यात कधी मिळाला नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. कंपनीत परदेशी पाहुणे येणार होते म्हणून साहेबांनी रिसेप्शनमध्ये हिरवी भिंत करून घेतली. भिंतीला प्लास्टिकचे कप्पे, कप्प्यांत नेचे, शेवाळ, कसली कसली सावलीतली रोपं. वरून बारीक नळ्या आणि टायमरवर चालणारा छोटा पंप. ठरलेल्या वेळी पंप सुरू व्हायचा आणि भिंतीवर धुक्यासारखा फवारा उडायचा. बाहेर आमचा शिरूर तालुका, पावसाळ्यातही ढग नुसते बघायला मिळणारा. आत मात्र बारमाही श्रावण. कारेगावात खोली घेऊन राहणारे कामगार पंचिंग करताना मुद्दाम त्या भिंतीजवळून जायचे, तेवढाच गारवा.

आषाढात त्या भिंतीतून आवाज यायला लागला. टिक-टिक-टिक-टिक, थोडं थांबून पुन्हा. साहेबांनी मला बोलावलं.

"आप्पा, तुमचंच काम आहे. पाहुणे येतील तेव्हा असलं काही वाजत राहिलं तर काय म्हणतील? इंजिनिअरिंगची कंपनी आणि रिसेप्शनमध्येच बेअरिंग गेलेलं! तुम्हाला सापडलं नाही तर ही भिंतच काढून टाकू."

रिसेप्शनला रमा बसायची. शिरूरची पोरगी, प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली. पाखरं-किड्यांऐवजी पाहुण्यांची नोंद करायचं काम तिच्या वाट्याला आलेलं. तिनं माहिती दिली, "आप्पा, फवारा मारून झाला की वाजतंय बघा."

मग काय, गुन्हेगार सापडलाच! फवाऱ्यानंतर वाजतंय म्हणजे पंप. मी भिंतीजवळ गेलो, कान दिला, काही ऐकू आलं नाही. ते मी मनावर घेतलं नाही. मेकॅनिक आला की मशीन गप्प होतं, हा आमच्या धंद्यातला रोजचा अनुभव. पंप खोलला, बेअरिंग बदललं, भिंतीजवळ उभा राहिलो, शांत. "झालं काम," म्हणून निघालो. मी दारातून बाहेर पडतोय तोवर रमाची हाक, "आप्पा, वाजाया लागलं!"

दुसऱ्या खेपेला टायमर बदलला. मी जवळ उभा असताना शांत, गेल्यावर टिकटिक. तिसऱ्या खेपेला पाण्याचा व्हॉल्व्ह. तेच. मला वाटायला लागलं की ही सगळी मंडळी मिळून माझी फिरकी घेतायत. निवृत्तीला आलेल्या माणसाची अशी गंमत करतात, मी स्वतः पुष्कळांची केली आहे.

शेवटी मी रमाला म्हणालो, "आज मी लांब बसतो. पाहुण्यांच्या सोफ्यावर. वाजलं की मला कळंलच."

"बसा," ती म्हणाली. "मी बी वाजंल तशी पेन्सिल हलवते, म्हंजी तुमचं आन् माझं जुळतंय का बघू."

दुपारची वेळ. बाहेर आभाळ भरून आलेलं, आत दिवे मंद. फवारा उडाला, थांबला. मी सोफ्यावर, सळई मांडीवर. थोड्या वेळानं रमाच्या हातातली पेन्सिल टेबलावरून उठली आणि खाली आली. पुन्हा उठली, पुन्हा खाली. ठरलेल्या अंतरानं, अगदी खड्डा पडलेल्या बेअरिंगसारखी. मी कान टवकारले. एसीची घरघर येत होती. बाहेर फोर्कलिफ्ट मागं येत होती, तिची धडधड कळत होती. पेन्सिल हलत होती आणि मला बाकी काही म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं.

"आत्ता वाजतंय?" मी विचारलं.

"व्हय आप्पा," ती हळूच म्हणाली. "आत्ता बी."

मी भिंतीपासून लांब होतो, मला बघून कुणी गप्प झालेलं नव्हतं. पेन्सिल थांबली, परत सुरू झाली. मी घाबरलो. असं घाबरणं त्याआधी एकदाच, वडिलांना दवाखान्यात नेलं तेव्हा झालं होतं. माझ्याकडे डिगरी नव्हती, इंग्रजी नव्हतं, होते ते दोन कान. त्यांच्यावर घर बांधलं, पोरींची लग्नं केली. ते कान गेले असतील तर मी या कारखान्यात कोण? आणि कधीपासून गेलेत? मधल्या काळात किती बेअरिंगं मला हळू आवाजात काही सांगून गेली असतील आणि मी डोळे मिटून "ठीक आहे" म्हणालो असेन?

रमानं ओळखलं होतं. पण तिनं पेन्सिल हलवणं थांबवलं नाही.

मी बूट काढले. सळई घेऊन उठलो आणि तिच्या पेन्सिलीवर नजर ठेवून भिंतीकडे सरकायला लागलो. पेन्सिल थांबली की मी थांबायचो, पुन्हा हलली की एक पाऊल. लहानपणी इनामगावात घोड नदीच्या काठी आम्ही खंड्या पकडायला असेच जायचो, आणि तो कधी सापडायचा नाही. भिंतीपाशी पोचलो. एका कप्प्याला सळई टेकवली, काही नाही. वरच्या नळीला लावली, पाण्याचे थेंब. नेच्याच्या झुबक्यामागं पांढऱ्या पाइपचा एक तुकडा बाहेर आलेला होता, पुढंमागं लागेल म्हणून प्लंबरनं उघडाच सोडलेला. त्याच्या कडेला सळईचं टोक अलगद ठेवलं आणि मूठ हाडाला लावली.

टिक-टिक-टिक-टिक.

आलं! पाइपातून, सळईतून, हाडातून, बारीक पण स्वच्छ आलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वळून बघितलं तर रमाची पेन्सिल माझ्या कानातल्या टिकटिकीबरोबर वरखाली होत होती.

मग मी पाइपात मोबाइलचा उजेड टाकला. आतून दोन डोळे माझ्याकडे बघत होते.

"बेडूक!" मी ओरडलो, आणि गडी आत सटकला.

रमा टेबल सोडून धावत आली. "मला पयल्या दिवसापास्नं वाटत हुतं आप्पा! पण तुम्ही पंप खोलला, मंग म्हटलं पंपच आसंल."

पुढचे काही दिवस आम्ही दोघं त्या पाइपाभोवतीच. गडी बाहेर यायला लागला तसा मी त्याला नीट बघून घेतला. ऐकू येत नाही तर निदान बघावं. अंगठ्याच्या नखाएवढा जीव. रंग विड्यातल्या ओल्या काताचा, मधूनच फिका व्हायचा, मधूनच गडद. पाठीवर दोन काळसर कंस, एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले. पोट खरखरीत पांढरं. डोळे अंगाच्या मानानं भलतेच मोठे, बुबुळाभोवती सोनेरी. बोटांच्या टोकांना गोल चकत्या, त्यामुळं काचेसारख्या गुळगुळीत प्लास्टिकवर उभाच्या उभा चढायचा. आणि बोलायला लागला की गळ्याखाली एक फुगा फुगायचा, जवळजवळ त्याच्याच आकाराचा, इतका पातळ की आरपार दिसावं. एवढ्याशा अंगातून एवढा आवाज कसा निघतो, हे कोडं त्या फुग्यानं सुटलं. आम्ही पंपांना हवेची टाकी बसवतो, तसला प्रकार.

आमच्याकडे बेडूक नाहीत असं नाही. रानात पिवळाधमक मोठा बेडूक असतो. विहीर खणताना मातीत गोल गरगरीत बेडूक निघतो, त्याच्या टाचेला खुरप्यासारखी धार असते, तिनं माती उकरून तो वर्षाचा बराच काळ जमिनीखाली काढतो. न्हाणीत बसणारा खरबरीत पाठीचा भेक तर घरचाच. पण हा यांच्यातला नव्हता. खुरपं नाही, चकत्या आहेत. जमिनीत जायचं नाही, पानावर चढायचं.

रमानं फोटो आणि आवाज कॉलेजातल्या तिच्या मॅडमना पाठवले. मॅडम एका रविवारी पुण्याहून स्वतः आल्या. आल्या आल्या त्यांनी बेडूक बघितला नाही. आधी विचारलं, "ही झाडं कुठून आणली?"

मी चौकशी करून ठेवलीच होती. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या डोंगरात एक रोपवाटिका आहे, तिथून. फोन केला तेव्हा रोपवाटिकेचा मालक म्हणाला होता, "आमच्या कुंपणावर लई हायेत ती. त्यांचं ऐकत ऐकतच झोपतो आम्ही."

म्हणजे कुंडीतल्या शेवाळात बसून ट्रकनं आलेला हा पाहुणा. ज्या घोड नदीच्या काठी माझं गाव, तिच्या उगमाकडचा. मला एकदम तो गाववाला वाटायला लागला.

"झुडपी बेडूक म्हणतात यांना," मॅडम सांगायला लागल्या. "सह्याद्रीत यांच्या कितीतरी जाती आहेत. एका डोंगरावर एक, शेजारच्या डोंगरावर दुसरी, असंही असतं. बाहेरून सारखे दिसतात, म्हणून आवाज ऐकून ओळखावं लागतं."

हे ऐकून मी सळई जरा ताठ धरली. आमचाच धंदा की!

"आणि यांना डबकं लागत नाही. मादी पानावर अंडी घालते. शेपटीवाली पिल्लं पाण्यात पोहतात ना, तो टप्पाच नाही. अंड्याच्या आतच सगळं होतं आणि तयार बेडूक बाहेर पडतो, तांदळाच्या दाण्याएवढा. फक्त हवा ओली पाहिजे. डोंगरावर पावसाळ्यात ढग झुडपात उतरतात, तेवढ्या ओलीवर यांचं भागतं. तुमच्या शिरूरच्या उन्हात उघड्यावर एक दुपार काढणं कठीण."

"मंग ह्यो सारखा वरडतोय कशाला?" मी विचारलं.

"नर आहे. मादीला बोलावतोय. बाकीच्या नरांना सांगतोय की ही जागा माझी."

रमानं पाइपाकडे बघितलं. "इथं त्येला कोण उत्तर देणार, मॅडम?"

मॅडमना माझ्या कानांचं रमाकडून कळलं असावं. जाताना त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या. ब्राझील देशातल्या डोंगरांत म्हणे असाच नखाएवढा, नारिंगी रंगाचा बेडूक आहे. ढगातल्या जंगलात पाचोळ्यात राहतो. तो ओरडतो, पण त्याला स्वतःच्या जातीचं ओरडणं ऐकूच येत नाही. कानाची रचनाच तशी.

"आन् मंग चालतं कसं त्येंचं?"

"अजून नीट कळलेलं नाही. ओरडताना गळा हलतो, तोंड उघडतं, ते बघून दुसऱ्याला समजत असावं असा अंदाज आहे."

घरी जाताना मोटारसायकलवर मी त्याचाच विचार करत होतो. ऐकू येत नाही तरी बघून चालवून घेतात. रमाची पेन्सिल तरी दुसरं काय होती?

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढं उभा राहिलो. "साहेब, टिकटिक सापडली. आन् तिच्या नादात दुसरं बी एक सापडलं. मला बारीक आवाज ऐकू येईनात."

साहेबांनी मला कानांच्या तपासणीला पाठवलं. डॉक्टर म्हणाले, जाडे आवाज शाबूत आहेत, उंच आणि बारीक आवाज गेलेत, ते परत येणार नाहीत. मशिनींच्या आवाजात राहून असं होतं, तुम्ही कानात बोळे घालत नव्हता का? आता त्यांना काय सांगू? कान बंद करून ऐकायचं कसं? आयुष्यभर ज्यांचं ऐकलं, त्या मशिनींनीच ते घेतलं. त्याचं वाईट वाटतं, आजही वाटतं.

मला काढलं नाही. कंपनं मोजायचं एक यंत्र माझ्या हातात दिलं. पेनासारखं असतं, टेकवलं की आकडा दाखवतं. ते आलं तेव्हा "हे खेळणं" म्हणून मीच त्याची टिंगल केली होती. शेवटचं वर्ष मी त्या खेळण्यावर काढलं. आकडा कधी चुकला नाही, एवढं कबूल केलं पाहिजे. पण डोळे मिटायचं सुख त्यात नाही.

राहिला बेडूक. भिंत काढायची गरज राहिली नव्हती. पाहुण्यांना बेडूकच दाखवू, असं आता साहेब म्हणायला लागले होते. पण रमाचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मॅडमनी जिथं विचारायचं तिथं विचारून परवानगी काढली. रोपवाटिकेच्या कुंपणावरचे बेडूक आणि हा एकाच जातीचे आहेत, हे आवाज जुळवून पक्कं केलं. मग श्रावणात एका दुपारी मॅडमच्या गाडीतून आम्ही निघालो. मंचर, घोडेगाव करत नदीच्या उलट अंगानं वर. माझ्या मांडीवर डबा, डब्यात ओलं शेवाळ, शेवाळात गाववाला.

डिंभ्याच्या वर ढग रस्त्यावर उतरले होते. रोपवाटिकेच्या कुंपणाला कारवीची दाट झुडपं, पानापानावर पाणी. दिवस कलायच्या सुमाराला मी डबा एका पानाला टेकवला. गडी बाहेर आला, पानाच्या देठापाशी चिकटला आणि नुसता बसून राहिला. आम्हीही चार हातांवर बसून राहिलो. माझ्या मनात नको ते यायला लागलं. इतके दिवस भिंतीत राहिला, हा इथलं बोलणं विसरला तर नसेल?

बराच वेळ गेला. मग त्याच्या गळ्याखाली फुगा फुगला. मला तो स्पष्ट दिसला. शेजारी रमाची पेन्सिल वर झाली, खाली आली. फुगा आणि पेन्सिल, फुगा आणि पेन्सिल. तो थांबला, तीही थांबली.

आणि मग फुगा फुगलेला नसताना तिची पेन्सिल हलली.

मी तिच्याकडे बघितलं. तिनं डाव्या हाताचं बोट उचलून कारवीच्या पलीकडं दाखवलं. मग दुसरं बोट, वरच्या अंगाला. मग तिसरं. तिला ताल धरता येईना, हात कमी पडायला लागले. मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या, मी एके काळी ऐकायचो तशा. माझ्या कानांत फक्त पानांवरून गळणारं पाणी होतं.

"किती हायेत गं?" मी विचारलं.

रमानं पेन्सिल खिशात टाकली आणि हसत हसत दोन्ही हात पसरून मला सगळा डोंगर दाखवला.